तारेनं बांधलेली पट्टी

वाटूरच्या फाट्यावरून गावाकडं वळलं की डाव्या हाताला पंक्चरचं दुकान लागतं, आणि ते मागं पडलं की सिराजोद्दीन मिस्त्रीचं आवार. आवाराला फाटक म्हणून ट्रॅक्टरची जुनी जाळी आहे. आत एक लिंब, लिंबाखाली बाज, आणि भिंतीला लागून लोखंडाचा ढीग. त्या ढिगापलीकडं पोत्यांनी झाकलेलं एक इंजिन अकरा वर्षं उभं होतं. सिराजोद्दीन रोज सकाळी आवार झाडायचा, पण झाडू त्या पोत्यांपाशी आला की वळसा घालून पुढं जायचा.

रविवारी सकाळी अर्पिता आली तेव्हा तो बाजेवर बसून चहात पाव बुडवत होता.

“सलाम चाचा.”

“जय भीम, बेटा.”

हा त्यांच्यातला जुना रिवाज. अर्पिताच्या वडिलांनी, मच्छिंद्रनं, पाडलेला. ज्यानं त्यानं दुसऱ्याचा नमस्कार म्हणायचा. मच्छिंद्र गेला, रिवाज राहिला.

अर्पिता एकोणीस वर्षांची होती आणि आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात शिकत होती. सतरा पोरं आणि ती एकटी मुलगी. तिथं तिचं नाव पटावर येण्याच्या कितीतरी आधी तिचं शिक्षण या लिंबाखाली सुरू झालं होतं. तिसरीत असताना तिला पाढे येईनात, तेव्हा सिराजोद्दीननं तिच्यापुढं पान्यांची पेटी उलटी केली होती. आठ-नऊचा पाना, दहा-अकराचा, बारा-तेराचा. हातात घेऊन, वजन तोलून, बोल्टला लावून बघत ती अंक शिकली. उत्तर तो कधीच सांगायचा नाही. पोरगी अडली की एवढंच म्हणायचा, “मंग?” आणि थांबायचा. त्याच्याजवळ वेळ भरपूर होता. आता विहिरी पोकलेननं खोदतात, पाणी मोटारीनं ओढतात, आणि हँडल मारायची इंजिनं भंगारात वजनावर जातात.

आज अर्पिता बाजेवर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, “चाचा, एक खरं सांगा.”

“खोटं कधी सांगितलं का?”

“काल सरांनी विचारलं, इंजिनात काय काय बिघाड व्हतात. मी म्हणलं, इंजिन उलटं फिरतं. सर म्हणले, आताच्या इंजिनात तसं व्हत न्हाई, मी तर कधी पाह्यलं न्हाई. मंग काय, मागच्या बाकावरचे सुटलेच. एक म्हणतो, उलटं चालल्यावर टाकीत डिझेल वाढत असंल, अर्पे, असलं एक इंजिन आमच्या बाबाला पण दे!”

सिराजोद्दीन हसला. “पोरगं हुशार हाय.”

“हसू नका ना चाचा.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मी आठ वर्षांची व्हते तवापासून ऐकून राह्यले. मशीन उलटं फिरलं, मशीन उलटं फिरलं. आई म्हणती, आज्जी म्हणायची, पोलिसाच्या कागदात पण तेच लिव्हलं. पण उलटं फिरणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलंच न्हाई. खरंच फिरतं का ते? का माझ्या आईला समजावायला लोकांनी काढलेली गोष्ट हाय?”

सिराजोद्दीननं चहाचा कप खाली ठेवला.

मच्छिंद्र गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची बायको नंदाबाई या आवारात आली होती. सगळ्या गावाला वाटलं होतं, आता ती मिस्त्रीची गचांडी धरणार. ती आली, फाटकाशी उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही जेवले न्हाई म्हणं. मशीनच उलटं फिरलं, तिथं माणसानं काय करावं?” आणि पदराखालचा डबा तिनं बाजेवर ठेवला. त्या एका वाक्याला धरून तो अकरा वर्षं जगला होता. बायको गेली, लेक ताहेरा लग्न होऊन भोकरदनला गेली, तरी संध्याकाळची भाकर चुकली नाही. नंदाबाई डबा आणायची आणि पहिला घास त्याच्या तोंडात जाईपर्यंत उभी राहायची. आता तिचीच लेक विचारत होती, ते वाक्य खरं का खोटं.

तो उठला. ढिगाला वळसा घालून गेला आणि त्यानं पोती ओढून काढली.

“फिरतं,” तो म्हणाला. “दाखवतो. बाह्या वर कर.”

इंजिन जाम झालेलं नव्हतं. ते का, हे त्यालाच ठाऊक. दरवर्षी मिरगाच्या तोंडाला तो एक पोतं उचलायचा, वरून थोडं तेल सोडायचा, चाक अर्धा फेरा हातानं फिरवायचा आणि पोतं परत टाकायचा. यंत्राला मरू देणं मिस्त्रीच्या हाताला जमत नाही.

तरी साफसफाईला दोन तास गेले. टाकी धुतली, नळी बदलली, नळीतली हवा काढली. हात चालू होते तसं सिराजोद्दीनचं बोलणंही चालू होतं.

“डिझेलला ठिणगी लागत न्हाई, हे तुला माहीत हाय. मंग पेटतं कशानं?”

“दाबानं. हवा दाबली की तापते.”

“सायकलीचा पंप मारला की त्याचं बूड गरम व्हतं, तसं. बराबर. दट्ट्यानं हवा दाबली, हवा तापली, वरून डिझेलचा फवारा पडला, झाला भडका. भडका दट्ट्याला ढकलतो. पण चाक कोणत्या अंगाला जातं?”

“सुलटं.”

“का म्हणून?”

अर्पिता पुसायची थांबली. हातातल्या चिंध्या तशाच राहिल्या.

“झोक्यावर बसली असं समज. मी मागून ढकललं, पण जोर कमी पडला. झोका अर्ध्यातूनच फिरला. मंग?”

“मागं येईल.”

“मागं येऊन राह्यला तेवढ्यात समोरून कुणी जोरात धक्का देला तर?”

“आणखीच मागं जाईल.” ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. “म्हणजे चाकानं दाबाची टेकडी पार केली न्हाई आन तेवढ्यात भडका झाला...”

“मंग?”

“मंग मागंच ढकललं जाईल. आन तसंच फिरत राहील!”

“शाब्बास. भडक्याला बिचाऱ्याला काय माहीत, कोणतं अंग सुलटं हाय. चाक जिकडून येईल तिकडंच तो ढकलतो.” त्यानं चाकावर हात ठेवला. “सारेच इंजिन असं करत न्हाईत. तुझे सर खोटं न्हाई बोलले, त्यांचे इंजिन नवे हायत. ही आमची जुनी एका दट्ट्याची जात.”

“पण चाचा, उलटं झाल्यावर ते श्वास कुठून घेतं?”

सिराजोद्दीनच्या चेहऱ्यावर अशा वेळी जो आनंद यायचा, तो आला. शिकवणाऱ्याला दुसरं काय पाहिजे असतं? त्यानं न विचारलेला सवाल पोरानं विचारावा.

“हां! सुलटं असताना नाकानं घेतं, तोंडानं सोडतं. इकडून फिल्टरातून हवा आत, तिकडून धुराड्यातून धूर बाहेर. उलटं झालं की तोंडानं घेतं आन नाकानं सोडतं. धूर फिल्टरातून निघतो. आवाज सेम तोच. म्हणून कानाचा भरवसा धरायचा न्हाई. धूर बघायचा.”

मग त्यानं तिला हँडल दाखवलं, आणि आपलं डावं मनगट दाखवलं, जे आजही सरळ होत नाही. सुलट्या इंजिनावरून हँडल आपोआप सुटतं, उलट्यावरून सुटत नाही, अडकून गरगर फिरतं, हात घेऊन जातं. म्हणून हा खेळ हँडलानं करायचा नाही. त्यानं चाकाला उलट्या अंगानं दोरीचे चार वेढे दिले, टोक अर्पिताच्या हातात दिलं, आणि दाब सोडायची वरची कळ स्वतःच्या बोटाखाली धरली.

“मी हां म्हणलं की ओढ. वढून सरळ मागं हो, दोरी सोडून दे. हां!”

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा एक फुसका आवाज आला. तिसऱ्यांदा अर्पितानं दोरी ओढली, त्यानं कळ सोडली आणि इंजिन खोकलं, थांबल्यासारखं झालं, आणि धडधडायला लागलं. लिंबावरची पाखरं उडाली. पंक्चरवाला रस्त्यापर्यंत येऊन बघून गेला. आणि फिल्टरच्या जाळीतून, जिथून हवा आत जायला पाहिजे तिथून, काळा धूर भकाभक बाहेर यायला लागला.

“फिरतं!” अर्पिता ओरडली. “चाचा, खरंच फिरतं! बघा ना धूर!” मोबाईल काढून तिनं त्याचा व्हिडिओ घेतला. “आता दाखवते त्या मागच्या बाकाला. डिझेल वाढतं म्हणे!”

सिराजोद्दीन धुराकडं बघत होता. त्यानं डिझेल बंद केलं. चाक हळूहळू थांबलं.

“आई खरं सांगत होती,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. “लोकांनी काढलेलं न्हाई ते.”

“न्हाई बेटा. खरं हाय ते.”

इथं थांबता आलं असतं. पोरीचं काम झालं होतं. पण तिनं ओढणीनं तोंड पुसलं, पिशवीतून वही काढली आणि भुईवर मांडी घातली. “आता त्या दिवशीचं सांगा. नीट, पायरी पायरीनं. मला समजून घ्यायचंय.”

अकरा वर्षांत कुणी त्याला पायरी पायरीनं विचारलं नव्हतं. तो तिच्यासमोर बसला.

यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी करायची क्रेन. विहीर खोदताना तळातला मुरूम आणि दगड तिनं वर काढतात. सिराजोद्दीनची यारी त्यानं स्वतः जोडली होती. ताकद या इंजिनाची, आणि इंजिन व दोरीचा ढोल यांच्या मधोमध जुन्या जीपची गियरची पेटी. पहिल्या गियरात टाकलं की ढोल दोर गुंडाळायचा आणि बॅरल कापून केलेला डबा वर यायचा. खाली सोडताना गियरची गरजच नसायची. क्लच दाबायचा, ब्रेक हळूहळू ढिला करायचा, वजनानं डबा आपोआप उतरायचा. मच्छिंद्र तळात सुरुंगाचं काम बघायचा. भोकं पाडायची, दारू भरायची, वाती पेटवायच्या, डब्यात उभं राहायचं आणि दोर दोनदा हलवायचा. वरून सिराजोद्दीन ओढायचा. बावीस विहिरी त्या दोघांनी अशा खोदल्या. वात जळायला दोन मिनिटं, वर यायला एक मिनिट. बाकीचे मजूर तेव्हा लांब झाडाखाली जाऊन बसलेले असायचे.

“त्या दिवशी सहा सुरुंग होते,” सिराजोद्दीन म्हणाला. “पंचेचाळीस फूट खोल. त्यानं वाती पेटवल्या, दोर हलवला. मी ओढलं. डबा निम्म्यावर आल्ता. तेवढ्यात इंजिन खोकललं. नळीत हवा धरली व्हती. बंद पडता पडता...”

“गियर तसाच होता?”

“पहिल्यात व्हता. ब्रेकवर पाय पडेपर्यंत डब्याच्या वजनानं ढोल मागं वढला. ढोलानं पेटी फिरवली, पेटीनं इंजिन. उलटं. आन ते पेटलं. आवाज आला तसा माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणलं, या अल्ला, चालू झालं.” त्यानं ओठावरून हात फिरवला. “पण डबा खाली चालला व्हता.”

अर्पिता लिहायची थांबली होती.

“मंग धूर दिसला. फिल्टरातून. तोंडावरच आला माझ्या. लगेच समजलं, बेटा. त्यात मी चुकलो न्हाई. ब्रेक दाबला, डिझेल बंद केलं. तुझ्या बाबानं खालून आवाज देला, ‘सिराजभाई, खाली सोडा, वाती उपटतो!’ मी सोडलं. ब्रेक मीच ढिला केला. मंग हँडल घेतलं. दोनदा मारलं, न्हाई झालं. तिसऱ्यांदा झालं, सुलटं झालं. गियर टाकायला हात नेला आन...”

सहापैकी चार वाती मच्छिंद्रनं उपटलेल्या सापडल्या होत्या, उरलेले दोन सुरुंग तो तळात असतानाच उडाले होते, हे अर्पिताला लहानपणापासून माहीत होतं.

पंक्चरच्या दुकानातला हवा भरायचा पंप धडधडून बंद झाला. मग अर्पितानं नाक ओढलं आणि वहीचं नवं पान काढलं. तिनं इंजिनाचा चौकोन काढला, पेटीचा काढला, ढोलाचा गोल काढला. इंजिनावर उलटा बाण काढला.

आणि सिराजोद्दीननं, चाळीस वर्षांच्या सवयीनं, शिकवायला सुरुवात केली. त्यात दुसरं काही नव्हतं. पोरीनं रडू नये, तिचं डोकं कामाला लागावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

“इंजिन उलटं. गियर पहिला. ढोल?”

“उलटा.”

“डबा?”

“खाली.”

“बराबर. आता यारीवर तू हाय. वात जळून राह्यली. तू काय करशील?”

त्याला उत्तर माहीत होतं. डिझेल बंद, ब्रेक, हँडल. त्यानं तेच केलं होतं. त्यापेक्षा वेगळं काही करता आलं असतं, असं गावातला एकही माणूस कधी म्हणाला नव्हता.

अर्पिता चित्राकडं बघत होती. पेन्सिल ओठाला लागलेली. लहानपणी बारा-तेराचा पाना हातात घेऊन बघायची तशीच.

“मंग?” सिराजोद्दीन म्हणाला.

“मी इंजिन बंदच न्हाई करणार,” ती हळूच म्हणाली, आणि मग पटकन, आनंदानं, उत्तर सापडलेल्या पोराच्या आवाजात म्हणाली, “रिव्हर्स टाकीन! इंजिन उलटं हाय, त्याला उलटा गियर. उलट्याला उलटा, ढोल सुलटा! डबा वर!”

पेन्सिलीनं तिनं ढोलावर बाण काढला. वरच्या दिशेचा. मग तिचा हात थांबला.

सिराजोद्दीन त्या बाणाकडं बघत राहिला. बाण बरोबर होता. त्यात कुठंच चूक नव्हती. त्यानं एकदा, दोनदा, मनात पेटीची चाकं फिरवून बघितली. प्रत्येक वेळी डबा वर आला.

“चाचा,” अर्पिता म्हणाली. “त्या पेटीला रिव्हर्स होता का?”

त्याची नजर ढिगाकडं गेली. ती उठली. पेटी लोखंडाच्या ढिगातच होती, तिच्यावर एक फुटकं घमेलं पालथं पडलं होतं. तिनं घमेलं सुलटं करून बाजूला ठेवलं. गियरचा दांडा, त्याची गोल मूठ, आणि दांडा फिरायच्या खाचा. तीन खाचा मोकळ्या होत्या. चौथीवर एक लोखंडी पट्टी आडवी टाकून तारेनं बांधलेली होती.

“हे काय हाय?”

“रिव्हर्सची खाच,” सिराजोद्दीन बाजेची कड धरून उभा राहिला. “ती बंद केल्ती. यारीला रिव्हर्सचं कामच न्हाई. एकदा मंठ्याकडच्या विहिरीवर मी नमाजाला गेल्तो, एका पोरानं यारी धरली. डब्यात दोन माणसं, आन त्याचा हात चुकून रिव्हर्सला गेला. डबा धाडकन तळाला. एकाचा पाय मोडला. तवा तुझा बाबाच म्हणला, सिराजभाई, ह्या खाचेला कुलूप लावा, न्हाई तर एखाद्या दिवशी आमचा जीव घेईल ती.”

“बाबा म्हणले?”

“हां. मी पट्टी घातली. उद्या वेल्डिंग करू म्हणून तारेनं बांधली. ते उद्या आलंच न्हाई. पाच वर्षं तशीच व्हती. पेटीला रिव्हर्स हाय हे मंग मी इसरूनच गेलो, बेटा. डोळ्यासमोर होतं, पण माझ्यासाठी ते नव्हतंच.”

अर्पितानं तारेला बोट लावलं. तार गंजून भुगा झाली होती. बोट लागलं तशी ती तुटली, आणि पट्टी घमेल्यात पडली.

तिनं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी होती. “आता गंजली म्हणून तुटली. तवा नवी असंल. घट्ट असंल. तवा निघाली नसती ना चाचा?”

हो म्हणायला काय लागलं असतं? एक शब्द. पण ज्या पोरीला त्यानं पाना कसा धरायचा ते शिकवलं, तिला तारेचे पीळ समजत होते. आणि तिला खोटं सांगितलं नसल्याचं त्यानं आज सकाळीच बोलून दाखवलं होतं.

“दोनच पीळ होते,” तो म्हणाला. “पक्कड माझ्या खिशात व्हती.”

अर्पिता तिथंच, ढिगापाशी, खाली बसली. हातातली पेन्सिल तिनं दोन्ही मुठींत धरली.

“मला एका मिनिटात आलं,” ती म्हणाली. “चाचा, मला एका मिनिटात आलं.”

“हां बेटा.”

“तुम्हाला दीड मिनिट व्हतं.”

“हां.”

“तुम्ही मिस्त्री होते ना!” ती ओरडली. पंक्चरवाल्यानं पुन्हा मान वर केली. “साऱ्या तालुक्याचे मिस्त्री! लोकं गाड्या घेऊन यायचे तुमच्यापाशी!”

सिराजोद्दीन मान खाली घालून उभा राहिला. पोरगी त्याला बोलली याचं त्याला बरंच वाटलं. अकरा वर्षांत हे कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. ती रडत होती तोवर तो हलला नाही, जवळ गेला नाही. जवळ जायचा हक्क आपल्याला आहे का, हेच त्याला कळेना.

ती शांत झाली तेव्हा लिंबाची सावली बाजेवरून सरकून भिंतीवर चढली होती. तिनं वही उचलली. वर मथळा होता, ‘इंजिन उलट फिरल्यास करावयाचे उपाय’. त्याखाली एक आकडा, दोन आकडा. डिझेल बंद करणे. ब्रेक लावणे.

“तीन लिही,” सिराजोद्दीन म्हणाला.

“मला न्हाई लिव्हायचं.”

“लिही बेटा. बराबर उत्तर हाय ते. कुठं तरी अजून असली यारी असंल, कुठं तरी कुणी तळात असंल. तू मिस्त्री व्हणार हाय. तुझ्या हाताखाली लोकं शिकतील. लिही.”

तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग वही पिशवीत टाकून ती फाटकापर्यंत गेली आणि तिथून, वळून न बघता म्हणाली, “आईला सांगायचं न्हाई.”

“तिचा हक्क हाय, बेटा.”

“न्हाई. तिनं लई कष्टानं समजावलंय स्वतःला. तिला न्हाई सांगायचं, चाचा. तुम्ही पण न्हाई, मी पण न्हाई.”

ती गेली. सलाम म्हणाली नाही. सिराजोद्दीननं मोकळ्या रस्त्याकडं बघून आपलं म्हणायचं ते म्हटलं, “जय भीम, बेटा,” आणि पोती उचलून इंजिनावर टाकली. पट्टी मात्र त्याला घमेल्यातून उचलवेना.

दिवस मावळायला नंदाबाई आली. पदराखाली डबा.

“भाऊ, आज इंजिन चालवलं का? पार घरापातूर आवाज आला. मी पीठ मळत व्हते. हात तसाच राह्यला बघा परातीत.”

“चालवलं भाभी. अर्पिताला दाखवायचं होतं.”

“ती आल्यापासून तोंड धुऊन नुसती भिताडाकडं बघून झोपली. रागावले का तिला?”

“न्हाई.”

“मंग? शिकली न्हाई का?”

“शिकली,” सिराजोद्दीन म्हणाला. “लवकर शिकली.”

“मंग झालं तर.” नंदाबाईनं डबा उघडून बाजेवर ठेवला. ज्वारीची भाकर, वरणाची वाटी, कडेला ठेचा. पोत्यांकडं तिची नजर गेली, आणि तिनं तेच म्हटलं जे ती अकरा वर्षं म्हणत आली होती, त्याच आवाजात, त्याच मायेनं. “लई जिवाला लावून घेऊ नका. मशीनच उलटं फिरलं, तिथं माणसानं काय करावं?”

सिराजोद्दीननं वर बघितलं. ती उभी होती. पहिला घास जाईपर्यंत ती जाणार नव्हती.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. नंदाबाई पदर सावरून निघाली, फाटकाबाहेर पडली, पंक्चरच्या दुकानापलीकडं दिसेनाशी झाली. तो अजून तोच घास चावत होता.